पाठ चौथा : माझे कुटुंब

सोलापूर
६ जानेवारी

ऋतुजाचे बाबा,

तुमचा फोन वाजतो आणि वाजायचा थांबतो. म्हणून हे अंतर्देशीय. गावच्या पत्त्यावर टाकते आहे. मेंढरं कुठेही असली तरी मामांना भेटायला तुम्ही जाताच. बापाला कुणी टाळत नाही. ते हातात देतील.

जर्मनचा वर्ग चालू आहे. दिवाळीत मेंढरांमागे गेलात तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, ही चार दिवसांत कंटाळेल. कंटाळले आहे. सोडलेला नाही.

वर्ग म्हणजे वर्ग नव्हे. शिकवायला माणूस नाही. सात रस्त्याच्या पुढे औषधाच्या दुकानावर एक खोली आहे. पूर्वी तिथे टायपिंग शिकवत, आता संगणक मांडले आहेत. प्रत्येकाला हेडफोन, तोंडापुढे माइक. संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं आहे, ते जर्मन शिकवतं हिंदीतून. चुकलं की म्हणतं, "फिर से बोलिए." आम्ही मराठीत वैतागतो. शेजारच्या खुर्चीवरची नागमणी घरी तेलुगू बोलते, ती तेलुगूत वैतागते. ती आमच्याच हॉस्पिटलात आहे, मुलांच्या वॉर्डात. खोली सांभाळायला आदिनाथ सर आहेत. त्यांना संगणक येतो, जर्मन येत नाही. शनिवारी पुण्याच्या बाई पडद्यावर येतात. अर्धा वेळ त्यांचा आवाज येत नाही, उरलेला वेळ आमचा जात नाही.

पद्धत अशी : पडद्यावरची बाई वाक्य म्हणते, मग आपण म्हणायचं. जमलं तर खालची पट्टी हिरवी होते, नाहीतर लाल. एक कासवाचं बटण आहे. ते दाबलं की तेच वाक्य सावकाश ऐकू येतं. पहिल्या पाठात 'मला माहीत नाही' हे वाक्य मिळालं. सगळ्यांना तेवढं चोख येतं. छंदांच्या पाठात छंद निवडायचा होता. पियानो, बाग, बर्फावर घसरणं. मी बाग घेतली. अक्कलकोटचा चनबसप्पा बर्फावर घसरतो, कारण तो शब्द लहान आहे.

तीन पाठ झाले. चौथ्याला अडकले आहे. माइक नीट नाही.

एप्रिलअखेर परीक्षा आहे. पास होतील ते जूनमध्ये पुण्याला राहायला जातील, तिथून वर्षाने जर्मनीला. परदेशातल्या म्हाताऱ्या धुवायला जाणार का, असं तुम्ही विचारलं होतं. हो. इथल्याही धुतेच की.

तेवढ्यासाठी हे पत्र. मी पुण्याला गेले तर ऋतुजाजवळ तुम्ही राहाल का?

ऋतुजाची आई


सोलापूर
१९ जानेवारी

ऋतुजाचे बाबा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

ऋतुजाला गड्ड्याच्या जत्रेला नेलं होतं. आकाशपाळण्यात बसायला तिला तुम्ही हवे होता. मला चक्कर येते हे तिला माहीत आहे. शेवटी नागमणीच्या मुलांबरोबर बसली. वरून ओरडत होती. आनंदाने की भीतीने, खालून कळलं नाही.

माइक ठीक आहे. मागच्या वेळी मी खोटं लिहिलं.

चौथा पाठ आहे 'माझे कुटुंब'. हे सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच वाक्य देत नाही. ज्याची त्याची माहिती घालून वाक्य तयार करतं. सप्टेंबरात नाव नोंदवताना आदिनाथ सरांनी आमची आधार कार्डं घेतली, दोन-चार प्रश्न विचारले आणि भरून टाकलं. तेव्हा तुम्ही इथे होता. टॉवेलच्या कारखान्यात जात होता. पुढे कारखान्याने एक पाळी बंद केली, त्यात तुमचं काम गेलं, हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेलं नाही.

तर पडद्यावर येतं, 'माइन मान हाइस्ट', म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव, आणि पुढे तुमचं नाव. ते मोठ्याने म्हणायचं. त्याशिवाय चौथा पाठ पुरा होत नाही. चौथा पुरा झाल्याशिवाय पाचवा उघडत नाही.

तुम्हाला हसू येईल. हरकत नाही.

रेशन कार्डावर, शाळेच्या अर्जावर, या पत्राच्या बाहेर पत्त्यात मी तुमचं नाव लिहिते. आत लिहायला हात वळत नाही, आणि तोंडातून तर ते निघतच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी तुमच्या आईंनी, म्हणजे आत्यांनी, मला चुलीपुढे बसवलं. म्हणाल्या, "न्हवऱ्याचं नाव घिऊ नगंस. त्येचं आयुष्य कमी हुतंय." एवढंच सांगितलं, दुसरं काही कधी सांगितलं नाही. मी 'व्हय' म्हणाले. पुढे नर्स झाले. माणसाचं आयुष्य कशाने कमी होतं ते रोज बघते. तरी माइकपुढे तोंड उघडते आणि मिटते. पट्टी लाल होते. "फिर से बोलिए."

मी विचारलं होतं त्याचं उत्तर कळवा. ऋतुजाजवळ राहाल का?

ऋतुजाची आई


सोलापूर
२ फेब्रुवारी

ऋतुजाचे बाबा,

सगळं करून बघितलं.

नावाच्या जागी 'ऋतुजाचे बाबा' म्हटलं. लाल. खोकले. लाल. नुसतं ओठ हलवून म्हटलं. यंत्र म्हणालं, आवाज नहीं आ रही. त्याचं हिंदीही आमच्यासारखंच आहे. मग मला सुचलं की उखाण्यात चालतं. मनात जुळवला, हळूच म्हटला, शेवटी तुमचं नाव आलं. कसं आलं ते मलाही कळलं नाही. लाल. शब्द जास्त झाले.

मी एकटीच नाही. नागमणीचंही तेच. त्यांच्यातही घेत नाहीत. आम्ही दोघी आदिनाथ सरांकडे गेलो.

"सर, तेवढं नाव काढून दुसरं काहीतरी घाला."

"काय घालू?"

"काहीही. गणपत घाला."

"मॅडम, प्रोफाइल लॉक आहे. तुमच्या कागदपत्रांशी जोडलेलं आहे ते. नवरा बदलता येत नाही."

"बदलायचा नाही हो. नाव फक्त."

"अहो, एक नाव तर घ्यायचं. माझी बायको मला आदी म्हणते."

नागमणी म्हणाली, "तिला सासू नसेल."

"आहे. तीपण आदीच म्हणते."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता आलं नाही. यंत्राचा म्हणावा तर ते आपलं एकच वाक्य मागतं आहे. जर्मनीतली कुठलीही बाई हे वाक्य चहा ढवळता ढवळता म्हणेल.

आणखी एक सांगते. तुमच्यावरची पुढची वाक्यं मला लगेच आली. 'तो विणकर आहे.' हिरवी. 'तो माझ्याबरोबर सोलापुरात राहतो.' हिरवी. 'आम्ही रविवारी एकत्र जेवतो.' हिरवी. एकदाही कासवाचं बटण दाबावं लागलं नाही. खोटी वाक्यं पहिल्या फटक्यात होतात. तेवढं एक खरं अडून बसलं आहे.

वर्गातले बाकीचे सहाव्या पाठात आहेत. चनबसप्पा बाजारहाट करतो आहे. मी कुटुंबात बसले आहे.

ऋतुजाजवळ कोण राहील हे मला ठरवायला हवं. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल, मग मी दुसरं बघेन. गप्प राहिलात की मला काहीच बघता येत नाही.

ऋतुजाची आई


सोलापूर
१६ फेब्रुवारी

ऋतुजाचे बाबा,

चौथा पाठ झाला. पाचवा, सहावाही झाला. आता सातव्यात आहे. चौथा कसा झाला ते विचारू नका.

तुम्ही विचारणार नाहीच. तर सांगते.

नागमणी म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं नाव मी घेते. माझ्या नवऱ्याचं तू घे." मी म्हणाले, असं कसं. ती म्हणाली, "यंत्राला काय कळतंय. वाक्य पाहिजे त्याला." आम्ही खुर्च्या बदलल्या. हेडफोन बदलले. मी तिच्या पडद्यापुढे म्हणाले, माझ्या नवऱ्याचं नाव व्यंकटेश. काही वाटलं नाही. चहावाल्याचं नाव घ्यावं तसं. हिरवी.

मग ती माझ्या पडद्यापुढे बसली आणि जर्मनमधून म्हणाली, माझ्या नवऱ्याचं नाव, आणि तुमचं नाव. स्वच्छ. घाई नाही, अडखळणं नाही. हिरवी. माझ्याकडे वळून हसली, "बघ, झालं."

मी पाणी प्यायला उठले. पाण्याचा जार रिकामा होता. तरी थोडा वेळ तिथे उभी होते.

रात्री ऋतुजाला जेवताना सांगितलं, की पाठ झाला. ती म्हणाली, "बाबांना कळवलं का?" कळवते आहे.

राहाल का?

ऋतुजाची आई


सोलापूर
९ मार्च

ऋतुजाचे बाबा,

पकडलं आम्हाला.

आम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य साठत होतं. तसं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आदिनाथ सर म्हणतात, पहिल्या पानावर लिहिलं आहे. पहिलं पान इंग्रजीत आहे.

शनिवारी पुण्याच्या बाई पडद्यावर आल्या. त्या दिवशी नेमका आवाज स्वच्छ होता. त्यांनी माझं चौथ्या पाठातलं वाक्य सगळ्यांपुढे वाजवलं. नागमणीचा आवाज, तुमचं नाव. मग तिचं वाजवलं, तर माझा आवाज.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

त्यांनी दोन्ही पुन्हा एकदा वाजवली.

"परीक्षेलाही एकमेकींच्या जागी बसणार आहात?"

नागमणी म्हणाली, "बाई, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

बाई मराठी आहेत. त्यांना कळायला वेळ लागू नये. पण त्या म्हणाल्या, "मग तिकडे हॉस्पिटलात डॉक्टर तुमच्या पेशंटचं नाव विचारतील, तेव्हा?"

"पेशंटचं घेतो की. नवऱ्याचं नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आमचे दोघींचे चौथ्यापासूनचे सगळे पाठ रद्द झाले. पाच एप्रिलला कॅमेरा लावून त्यांच्यासमोर चौथा पाठ तोंडी द्यायचा. त्या स्वतः प्रश्न विचारणार. नाही जमलं तर नाव कमी, जागा दुसऱ्याला.

सातव्या पाठापर्यंतचे सगळे शब्द मला येतात. रुग्णाला कुशीवर वळवणं येतं, ताप, जुलाब, गोळी जेवणानंतर, सगळं येतं. ते पुसलं गेलं. मला वाटलं, हेडफोन आपटून यावं. आपटला नाही. गुंडाळून जागेवर ठेवला. वायर नीट नसली की सर ओरडतात.

दुसऱ्या दिवशी नागमणी नवऱ्याला घेऊन आली. व्यंकटेश चादरीच्या मागावर असतात. बारीक माणूस, कानावर पेन. बायकोची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले.

"म्हण," ते म्हणाले. "मी हितंच बसलोय. मेलो तर तुला दिसंलच."

नागमणीने हसत हसत त्यांच्याकडे बघून नाव घेतलं. हिरवी. व्यंकटेश छातीवर हात ठेवून खुर्चीत कलंडले. ती किंचाळली. ते उठून बसले. "चालू हाय अजून." मग तिने त्यांना पिशवीने मारलं.

सगळे हसत होते. माझी खुर्ची भिंतीकडची आहे. दुसऱ्या बाजूला खुर्ची मावत नाही.

तुम्ही रागावून गेलात. मला वाटलं होतं आठ दिवसांचा राग. कारखाना गेला तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते. माझ्या पगारात भागलं, तेव्हाही नाही. कदाचित तेच तुम्हाला लागलं असेल, मी बोलायला हवं होतं. मला कळत नाही. समोर असता तर विचारलं असतं. इथे पडद्यावरची बाई प्रश्न विचारते आणि उत्तरही तीच देते.

ऋतुजाजवळ राहाल का? चौथ्यांदा... पाचव्यांदा लिहिते आहे. मोजायचंही सोडलं.

ऋतुजाची आई


सोलापूर
२३ मार्च

ऋतुजाचे बाबा,

मामा आले होते. डोळे दाखवायला. मोतीबिंदू पिकलेला नाही, पावसाळ्यानंतर बघू म्हणाले डॉक्टर. येताना मंगळवेढ्याहून ज्वारीचं पोतं आणलं, एसटीच्या टपावर टाकून. मी म्हणाले, सोलापुरात ज्वारी मिळते. म्हणाले, "मिळंल. पर ही आपली हाय."

मला वर्गाला जायचं होतं, तर तेही आले. दारात आदिनाथ सरांनी अडवलं.

"आजोबा, चपला बाहेर काढा."

"का? आत देव हाय व्हय?"

"संगणक आहेत. त्यांना धूळ चालत नाही."

"आन आमी धुळीतच जलमलो की," म्हणाले, आणि काढल्या.

माझ्यामागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. "ही बाई कोन?"

"ही शिकवते."

"मग तुजं त्वांड का बंद?"

नागमणीने सगळं सांगितलं. अदलाबदलीचंही. मामा इतके हसले की चनबसप्पाने हेडफोन काढून बघितलं.

"आगं घे की मग! त्यो काय तेवड्यानं मरतुय? उनात फिरून निबर झालाय."

"आत्यांना कळलं तर?"

"तिनं जलमभर माजं नाव घेतलं न्हाय. तरी माजं दात पडलंच की."

पुन्हा विचार करून म्हणाले, "उखाना घे की हिच्यापुढं."

"घेऊन बघितला."

"मग?"

"लाल."

"आयला. लई कडक सासू हाय."

नंतर जिन्यात बसून चहा घेतला. तिथे मी तुमचं विचारलं.

"वेळापूरच्या अंगाला व्हता," मामा म्हणाले. "कुनाच्या तरी रानात खतासाटी मेंढरं बसवलीती. आता तितं न्हाय. फोन बंद. कुटं हाय कुनास ठावं."

"माझी पत्रं?"

"पयलं दिलं हातात. बाकीची घरात हायती, कोनाड्यात. आला की दीन."

म्हणजे तुम्ही एकच वाचलं आहे. उरलेली कोनाड्यात आहेत. मी माइकचं खोटं बोलले ते तुम्हाला खरंच वाटत असेल.

"पहिलं वाचलं त्यांनी?"

"वाचलं. घडी घातली, टोपीत ठिवलं. आन मेंढरं उटवली."

"काही बोलले?"

मामांनी बशीतला चहा संपवला. "पोरी, ऋतुजा आमच्याकडं ऱ्हाईल. गावात साळा हाय. म्या हाय, म्हातारी हाय. त्येच्या व्हय-न्हायवर कशाला बसतीस?"

"त्यांना विचारायला नको?"

"इचारलंस की. किती येळा इचारशील?"

त्यांची तीनची गाडी होती. चपला घालताना पुन्हा आत बघितलं आणि आदिनाथ सरांना म्हणाले, "मास्तर, हिला जरा सांबाळून घ्या. मशिनीला म्हनतुय म्या, तुमाला न्हाय."

प्रश्न पहिल्याच पत्रात होता. तो तुम्ही वाचला आहे. मामा म्हणतात पुरे. तरी एकदा लिहिते, राहाल का?

हे पत्रही कोनाड्यात जाईल.

ऋतुजाची आई


सोलापूर
३० मार्च

ऋतुजाचे बाबा,

थोडंच लिहिते.

ऋतुजाला काल मी सांगितलं, की जूनपासून आजोबांकडे. ती भांडेल असं धरून तयारी केली होती. ती म्हणाली, "राहीन. पण ह्या वेळचं करडू माझं. आणि ते विकायचं नाही." मामांना फोन करून तिने ते कबूल करून घेतलं. मला वाईट वाटलं, की इतक्या लवकर ठरलं.

मग तिने विचारलं, तू रोज आरशासमोर तोंड का उघडतेस? तिला सांगितलं. ती शाळेत रोज तुमचं नाव घेते. हजेरीला, स्पर्धेला, वहीवर, स्वतःच्या नावानंतर तुमचं आणि मग बंडगर. तिला ह्यात अवघड काय ते कळेना.

"आई, तू माझं पूर्ण नाव म्हण. बाबांचं मध्ये येतं. पटकन जायचं त्याच्यावरून."

म्हणून बघितलं. पटकन गेले. आलं.

"बघ," ती म्हणाली. "आता माझं काढ आणि बंडगर काढ."

तेवढ्यावर गाडी थांबली. पण आठवडा आहे.

माझ्या स्वतःच्या पूर्ण नावातही ते मध्ये आहे. मी कुठेही नाव सांगताना ते वगळते आणि आडनावाला जाते. बँकेत, हॉस्पिटलात, सगळीकडे. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी परीक्षा.

ऋतुजाची आई


सोलापूर
६ एप्रिल

जोतिराम,

काल झालं.

खोलीत पंखा बंद होता, कॅमेऱ्यात आवाज येतो म्हणून. आदिनाथ सरांनी माझी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढून दिली. नागमणीचं माझ्याआधी झालं होतं. ती दारात थांबली होती. अकरा वाजता पुण्याच्या बाई पडद्यावर आल्या.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, मधल्यासकट. बाईंनी मान हलवली. मग जर्मनमधून विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

मी म्हणाले.

उखाणा नाही, खोकला नाही, ऋतुजाचं नाव पुढे नाही. त्यांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला, कारण त्यांच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. तो काय करतो? खाली पडद्यावर वाक्य तयार होतं, तो विणकर आहे. मेंढपाळाला काय म्हणतात ते सॉफ्टवेअरने शिकवलेलं नाही. मी म्हणाले, त्याच्याकडे जनावरं आहेत. जनावरं दुसऱ्या पाठात होती.

तो कुठे राहतो?

पडद्यावर होतं, तो माझ्याबरोबर सोलापुरात राहतो. हे वाक्य मी कितीतरी वेळा हिरवं केलं आहे. झोपेतही येईल. मी ते वाचलं. मग बाईंकडे बघून म्हणाले, मला माहीत नाही.

बाई थांबल्या. मला वाटलं, गेलं. त्या मराठीत म्हणाल्या, "हे पाठातलं उत्तर नाही."

मी म्हणाले, "पाठातलं खरं नाही."

त्यांनी खाली बघितलं, काहीतरी दाबलं. "वाक्य बरोबर आहे," म्हणाल्या. पट्टी हिरवी झाली. मग मुलीचं विचारलं. मुलीबद्दल मी खूप बोलले. करडाबद्दलही. त्याला म्हणायला शब्द नव्हता, तर लहान शेळी म्हणाले.

सगळे गेल्यावर मी माझं रेकॉर्डिंग लावलं. आता ठाऊक आहे कुठे साठतं ते. कासवाचं बटण दाबलं. माझा आवाज जाड आणि लांब झाला. तुमचं नाव मी ऐकलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. दोनदा ऐकलं. नंतर बंद करून वायर गुंडाळली.

जिन्यात आले आणि पाय थांबले. तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी नर्स आहे, सगळं समजतं. तरी घरी जाऊन ऋतुजाला म्हणाले, आजोबांना फोन लाव, बाबा बरे आहेत का विचार.

ती म्हणाली, "तूच विचार की."

"तू विचार."

तिने विचारलं. मामांचं मोठ्याने बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं. "बरा हाय, त्याला काय धाड भरलीय! आज दुपारी गावातल्या आपल्या भीमाला कुर्डुवाडीच्या स्टँडवर दिसला. भजी खात हुता."

परीक्षा सकाळी झाली होती. दुपारी तुम्ही भजी खात होता.

मी आत जाऊन भात लावला.

पाचवा पाठ उघडला आहे. सातव्यापर्यंत परत करायचं आहे, आठवा नवीन. महिनाअखेरपर्यंत होईल. ऋतुजाला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी सोडेन. तिच्या पुस्तकांची पेटी आणि सायकल एसटीने येईल. सायकलची चेन सैल आहे, ती घट्ट करायला मामांच्या हातात जोर नाही. तुम्ही घरी आलात तर करा. नाही आलात तर ती पायी शाळेत जाईल. जवळ आहे.

या पत्रात विचारायचं काही नाही.

प्रियदर्शनी